रुई आणि शिंदळ माकुडी

लहानपणी 'रुई' या शब्दाने माझ्या डोक्यात मोठा घोळ घातला होता. आमच्या घरात दखनी बोलतात, आणि दखनीत रुई म्हणजे कापूस. गादीत भरतात ती रुई. पहिली-दुसरीत असताना गुरुजींनी एक जाडसर, पांढुरकी लव असलेले पान वर धरून 'हे कशाचं पान?' असे विचारले. वर्ग एका सुरात ओरडला, 'रुईचं!' मी एकटाच हसलो आणि हसल्याबद्दल छडी खाल्ली. संध्याकाळी दादीला सांगितले. आमच्या कबरस्तानाच्या कडेला ही झुडपे माजलेली असायची आणि घरात त्यांना आक म्हणत. दादीने तिथली एक वाळकी शेंग आणली, अंगठ्याने फोडली. आतून रेशमासारखा कापूस उसळला. 'ले देख, इसमें बी रुइच है ना,' ती म्हणाली. गुरुजीही बरोबर आणि मीही बरोबर, असा निकाल लागला.

आकाशवाणीवरून 'एखाद्या वनस्पतीवर बोला' असे सांगणे आले, तेव्हा पहिली आठवली ती हीच रुई. पण एका वनस्पतीवर बोलायला मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो. दोन वनस्पतींवर मात्र बोलू शकेन असे वाटले, कारण त्या दोघींनी मला गेली तीसहून अधिक वर्षे एका कोड्यात टाकले आहे. दोघी एकाच कुळातल्या. एक इतकी साधी की तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. दुसरी अशी की तिच्यासाठी परदेशातले लोक नकाशे काढून बसतात. रुई आणि शिंदळ माकुडी.

रुईची ओळख करून द्यायला नको. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, उकिरड्यावर, ढासळलेल्या भिंतीत ती उगवते. जांभळट किंवा पांढरी फुले, मधोमध नीट कोरलेला मुकुट. पान तोडले की पांढराशुभ्र चीक. हा चीक विषारी, डोळ्यांत गेला तर फारच वाईट. गुरे सहसा तोंड लावत नाहीत. तरीही पायात रुतलेला काटा वर यावा म्हणून हाच चीक लावणारी माणसे मी पाहिली आहेत. खोडाच्या सालीचा वाख चिवट असतो, त्याच्या पूर्वी दोऱ्या वळत. शनिवारी मारुतीला याच पानांची माळ लागते. आमच्याकडे मारुतीच्या देवळातले गुरवकाका शुक्रवारी संध्याकाळीच कबरस्तानाच्या कुंपणापाशी पाने तोडायला यायचे. अब्बा तिथे असले तर फांदी वाकवून धरायचे आणि म्हणायचे, 'काका, चिकाला जपा.' या व्यवहारात कुणाला काही विशेष वाटत नसे. दूर हवाई बेटांवरही या फुलांचे हार करतात हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आता दुसरी. १९९० साली मी जुन्नरला शिकत होतो. श्रावण सरत आला होता. वनस्पतिशास्त्राचे सर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन शिवनेरीवर निघाले होते. त्यांच्यात माझा एक मित्र होता, म्हणून मीही घुसलो. खरा मोह गडावरच्या धुक्याचा आणि वाटेतल्या भज्यांचा. कमानी मशिदीपाशी बसून मी दोन ओळी जुळवायच्या खटपटीत होतो, तेवढ्यात सरांनी हाक मारली, 'अरे कवी, इकडे ये. तुझ्या कामाचं आहे.'

कड्याच्या एका फटीतून बोटाएवढ्या जाड, गुबगुबीत काड्या खाली लोंबत होत्या. त्यांना लहान मांसल पाने, आणि पानांच्या बगलेत तांबडी, काळपटाकडे झुकणारी पंचकोनी चांदणी. फूल दोन-अडीच सेंटिमीटरचे असेल. पाकळ्यांवर पिवळसर खुणा, कडेला बारीक केस. जणू कुणी मखमल कातरून दगडावर चिकटवली होती. सर कुणाला हात लावू देईनात. छडीने लांबूनच दाखवत म्हणाले, 'ही महाराष्ट्राबाहेर जगात कुठे आपणहून उगवत नाही. आणि ही आपल्या रुईची नातलग आहे.'

नातलग? मला ती थट्टा वाटली. एक माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढणारी, दुसरी वीतभर लोंबणारी. एकीला चीक, दुसरीच्या काडीत नुसता पाणचट रस. पण वनस्पतिशास्त्रात नाते चेहऱ्यावरून ठरत नाही, फुलाच्या आतल्या रचनेवरून ठरते. तिथे या दोघी खरोखर सख्ख्या वाटाव्यात इतक्या जवळच्या आहेत.

बहुतेक फुलांत पराग म्हणजे मोकळी पूड असते. वारा, मधमाशी, कुणीही ती नेते. या दोघींच्या फुलात पूड नाही. परागकण मेणासारख्या इवल्या थैल्यांत घट्ट बांधलेले असतात. अशा दोन थैल्या एका चिमट्याने जोडलेल्या. फुलावर आलेल्या कीटकाचा पाय किंवा सोंड फटीत अडकते, तो हिसका देतो आणि चिमट्यासकट जोडी घेऊन उडतो. पुढच्या फुलात तीच थैली नेमक्या फटीत बसली तर बी धरते, नाही तर सगळा खटाटोप फुकट. फुलझाडांत असा बंदोबस्त या मंडळींखेरीज आमरींनीच, म्हणजे ऑर्किडांनीच केला आहे. रुईचे टपाल मोठे काळे भुंगे नेतात. ते दांडगे, हिसका देऊन सुटतात. लहान किडा अडकला तर कधी कधी तिथेच मरतो. माकुडीच्या मखमलीवर माश्या येतात. पुढे दोघींनाही शिंगांसारख्या शेंगा लागतात, त्या तडकतात आणि रेशमी झुपका घेऊन बी तरंगत निघते. मुले तिला म्हातारी म्हणतात. दादीची रुई ती हीच.

रॉबर्ट ब्राऊन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१० साली हीच थैल्यांची रचना पाहून रुईचे स्वतंत्र कुळ मांडले. त्याआधी ही झाडे कण्हेरीच्या कुळात होती. कण्हेर, चाफा, सदाफुली, तगर हा तो गोतावळा. पावणेदोनशेहून अधिक वर्षे रुईने वेगळी चूल चालवली. मग डीएनएच्या तपासण्या आल्या. रुईचे कुळ वेगळे नसून कण्हेरीच्याच वंशवृक्षावरची एक फांदी आहे असे दिसले, आणि १९९८ नंतरच्या वर्गीकरणात ते पुन्हा कण्हेर कुळात मिसळले गेले. आज रुई आणि माकुडी या दोघी कण्हेर कुळातल्या एकाच उपकुळात आहेत. तिथून पुढे मात्र वाटा फुटतात. रुई एका गटात. माकुडी दुसऱ्या गटात, कंदीलपुष्पांच्या आणि आफ्रिकेतल्या त्या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या, पण निवडुंग नसलेल्या झाडांच्या सोबतीला.

रुईचे शास्त्रीय नाव फारसे भटकले नाही. लिनिअसने १७५३ साली तिला एका प्रजातीत ठेवले, पुढे ती कॅलोट्रोपिस या प्रजातीत आली आणि तिथेच स्थिरावली. कॅलोट्रोपिस जायगँशिया, म्हणजे थोरली. तिची धाकटी बहीणही आपल्याकडे माळरानावर असते. ती परदेशात गेली आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे कुरणांत इतकी माजली की तिथले पशुपालक आता तिला उपटून टाकण्याच्या मागे आहेत.

माकुडीच्या नावाची कथा याहून रंगतदार आहे. निकोल डालझेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत १८६१ साली त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ केला. जुन्नर परिसरातली ही वनस्पती पाहून ते चकित झाले असणार. कारण तिचे सगळे जवळचे नातेवाईक बिनपानांचे, नुसत्या काड्यांचे, आणि हिला मात्र भरघोस पाने. ही कुणासारखीच नाही म्हणून त्यांनी १८६५ साली तिच्यासाठी नवी प्रजाती केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. फ्रेरिया इंडिका. पुढे हेच फ्रिअरसाहेब दक्षिण आफ्रिकेत मोठ्या हुद्द्यावर गेले आणि १८७९च्या झुलू युद्धाचे धनी झाले. माकुडीचे नातलग सर्वांत जास्त तिथेच आहेत. साहेबांनी एखादे तरी पाहिले असेल का, असा एक रिकामा विचार मनात येतो.

आपल्या लोकांनी दिलेले नाव साहेबी नावाहून तिखट आहे. माकुडी म्हणजे बिनपानांची, धारदार कडांच्या काड्यांची एक रानवनस्पती. ही तिच्यासारखी, पण पानांनी नटलेली. म्हणून शिंदळ. शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच, रविवारच्या पुरवणीत फोड करायला नको. हा माझा आपला अंदाज, शास्त्र नव्हे. पण काडी माकुडीची आणि नखरा भलताच, असे म्हणणाऱ्या कुणा गुराख्याची नजर डालझेलसाहेबांच्या नजरेइतकीच बारीक होती यात शंका नाही. दोघांनीही एकच गोष्ट हेरली, पाने.

ही पाने पुढे फसवी ठरली. पानांखेरीज बाकी सगळ्यात ती बिनपानांच्या नातलगांसारखीच आहे, आणि त्यांच्याशी तिचा संकरही सहज होतो, असे दिसून आले. १९५८ साली तिला कॅरालुमा या प्रजातीत हलवले. तिथे 'इंडिका' नावाची दुसरी जाती आधीच बसलेली. नियमाप्रमाणे एका प्रजातीत एका नावाच्या दोन जाती चालत नाहीत. म्हणून नवे नाव झाले कॅरालुमा फ्रेरी. पुढे डीएनएच्या आधारे ती बूसेरोसिया या प्रजातीत गेली, बूसेरोसिया फ्रेरी. २०१७ साली तर काही शास्त्रज्ञांनी हा सारा गोतावळाच कंदीलपुष्पांच्या सिरोपेजिया प्रजातीत घालावा असे मांडले. या सगळ्या धावपळीत गंमत अशी झाली की 'इंडिका' गळाली आणि गव्हर्नर तेवढे राहिले.

ही नावांची उठाठेव तुम्हाला अभ्यासकांचा खेळ वाटेल. मलाही वाटत असे. पण तिचा माकुडीच्या जगण्या-मरण्याशी संबंध आहे. फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती होती तोवर तिच्यात जाती एकच होती. म्हणजे हे झाड गेले तर जगाच्या यादीतून एक अख्खी प्रजाती जाणार होती. या एकटेपणामुळे तिला मोठा मान होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने जगातल्या अत्यंत संकटात असलेल्या बारा वनस्पतींत तिचे नाव घेतले. भारताच्या लाल नोंदवहीतही ती संकटग्रस्त म्हणून आली. बूसेरोसियात गेल्यावर ती अनेक जातींतली एक झाली. कड्यावरचे झाड तेच, फट तीच, माशी तीच. कागदावरचे वजन मात्र घटले.

दुसरी अडचण जास्त व्यवहारातली आहे. निर्यातीला बंदी असलेल्या २९ वनस्पतींची एक यादी केंद्र सरकारने १९९८ साली काढली. तीत ती फ्रेरिया इंडिका या जुन्या नावाने आहे आणि शेजारी देशी नाव दिले आहे 'शिंदल मानकुंडी'. हे इंग्रजी स्पेलिंगमधून परत आलेले नाव जुन्नरच्या कुठल्याही गुराख्याला ओळखू येणार नाही. बंदरावर खोके उघडणाऱ्या कस्टमच्या माणसाने पुडीवर 'बूसेरोसिया' वाचले आणि यादीत 'फ्रेरिया' शोधली, तर त्याला काय सापडणार? कायदा नावाने चालतो आणि नाव झाडाइतके स्थिर नसते.

आता रुई आणि माकुडी यांना शेजारी ठेवून धोक्याचा विचार करू. रुई कुठल्याही लाल यादीची धनी नाही आणि व्हायची गरज नाही. मोडलेली जमीन हेच तिचे माहेर. आपण जितके डोंगर खोदू, रस्ते रुंद करू, शेते पडीक टाकू, तितकी तिची सोय. चिकामुळे गुरांचे भय नाही. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, सुरवंट पाने फस्त करतात, पण महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा फुटते.

माकुडीचे सगळे उलट. तिला लागते सह्याद्रीच्या कड्यावरची फट. पावसात ओली, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. कोरड्या दिवसांत ती पाने टाकून देते, नुसती काडी होऊन पडून राहते. चरणारी जनावरे, वणवे आणि दरडी हे तिचे वैरी. म्हणून शेळीचे तोंड पोचत नाही तिथेच ती उरली आहे, असे मला वाटते. शिवनेरी, पुरंदर आणि वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या जागा. अभ्यासक गडागडांवर हिंडले तेव्हा ती आणखी काही ठिकाणी सापडली, ही बातमी चांगली. यातल्या कुठल्या गडावर नेमकी कुठे, ते मी सांगणार नाही. विचारूही नका.

पण खरे कोडे पुढेच आहे. ही संकटातली वनस्पती कुंडीत अगदी सहज जगते. काडी मोडा, चार दिवस सुकू द्या, वाळूमिश्रित मातीत खोचा, मूळ धरते. युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती कितीतरी वर्षे फुलते आहे. मग ती दुर्मीळ कशी? लाल यादीचे नियम इथे कडक आहेत. मोजायचे ते रानातले झाड, कुंडीतले नाही. वयात आलेली झाडे रानात अडीचशेहून कमी उरली तर संकटग्रस्त, पन्नासहून कमी तर अतिसंकटग्रस्त. दुसरे माप जागेचे. प्रत्यक्ष वस्तीची जागा पाचशे चौरस किलोमीटरहून कमी असून तीही तुटत, घटत चालली असेल तर संकटग्रस्त, दहाहून कमी असेल तर अतिसंकटग्रस्त. हजारो कुंड्या भरल्या आणि कडा रिकामा झाला, तर नोंद होते 'रानातून नष्ट'.

कुंडीला कमी का लेखतात, हे मला स्वतःच्या अंगणात कळले. आता कबुली देतो. सरांनी छडीने दाखवलेली ती फट मी विसरलो नाही. पंधरा दिवसांनी एकटाच गेलो आणि एक काडी मोडून आणली. तेव्हा त्याला मी प्रेम म्हटले होते. खरे तर चोरीच. काडी कुंडीत लागली. वाढली. दर पावसाळ्यात चांदण्या. शेजाऱ्यांना दिली, बहिणीच्या सासरी गेली, मुलीने पुण्याला नेली. मोजली तर पंधरा-वीस कुंड्या भरतील. पण इतक्या वर्षांत शेंग एकदाही धरली नाही. धरणार कशी? या पंधरा-वीस कुंड्या म्हणजे एकाच काडीचे तुकडे, म्हणजे एकच झाड. थैली नेऊन टाकायला दुसरे झाडच नाही.

शिरवळजवळ शिंदेवाडीला नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आहे. तिथल्या मंडळींनी माकुडीची रोपे वाढवून पुन्हा रानात नेण्याचे काम केले आहे. असे काम करताना कुठले रोप कुठल्या कड्याचे हे माहीत असावे लागते. हौशी लोकांच्या कुंड्यांतली बरीचशी माकुडी या हिशेबात बेवारस. कुठून आली ठाऊक नाही, मध्ये कुणाशी संकर झाला ठाऊक नाही. अशी रोपे प्रेमाने कड्यावर नेऊन लावली तर उपकार नव्हे, अपकारच होण्याची शक्यता. रुईला असला कागदपत्रांचा त्रास नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी बऱ्याच वर्षांनी त्या जागी गेलो. वय झाले, चढताना तीनदा बसलो. ती फट सापडली नाही. दोन-तीन वेळा मागे-पुढे फिरल्यावर लक्षात आले की फटच नाही, कड्याचा तेवढा पापुद्रा सुटून खाली गेला आहे. खाली दगडांचा ढीग आणि त्यात उगवलेली, पुरुषभर उंच, फुललेली रुई. तिच्यावर भुंगे घोंगावत होते.

घरी येऊन मी सरांना फोन लावला. ते आता निवृत्त आहेत, ऐकू कमी येते. सगळे सांगितले, चोरीसकट. मला वाटले रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'म्हणजे त्या फटीतली आता तुझ्या अंगणातच आहे.' मी विचारले, 'सर, पुन्हा गडावर नेऊन लावू का?' ते घाईने म्हणाले, 'मुळीच नको. ते काम परवानगी असलेल्यांचं. तू एवढंच कर, कुठून आणली आणि कधी आणली ते लिहून कुंडीला बांध. तारीख आठवते का?'

तारीख आठवत नव्हती. पण काडी आणली त्या रात्री मी तिच्यावर एक कविता लिहिली होती. जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत ती सापडली. कविता टाकाऊ आहे, कुठेही छापलेली नाही आणि छापणार नाही. खाली तारीख होती. मी पत्र्याची एक पट्टी कापली, खिळ्याने तिच्यावर गडाचे नाव, कड्याची दिशा आणि ती तारीख कोरली. झाडाचे नाव कोणते लिहावे यावर जरा अडखळलो. शेवटी देवनागरीत 'शिंदळ माकुडी' लिहिले, खाली सरांनी सांगितली तशी लॅटिन नावे, जुने आणि नवे, दोन्ही. तशाच आणखी दोन पट्ट्या केल्या. एक बहिणीकडे दिली. पुण्याची या आठवड्यात पोस्टाने जाईल.